घरकुल मंजूर झालं, मग झोप का लागत नाही?

आज घरकुलाबद्दल बोलू. अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, ते नाही. पहिलं पक्कं घर बांधताना बाईच्या मनाचं काय होतं, ते. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की आम्ही बायका हेच बोलत बसतो, आणि प्रत्येकीला वाटत असतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

यादीत नाव आलं की पेढे वाटले जातात. त्या रात्री घरात कोणी झोपत नाही. चूल कुठे, देव्हारा कुठे, पोरांना अभ्यासाला कोपरा कुठे! पण दोन-चार दिवसांत पोटात गोळा येतो. तो येणारच, कारण हिशेबच तसा आहे. ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना 2016 साली सुरू झाली, तेव्हा सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरले. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची साधारण 90 दिवसांची मजुरी वेगळी. पुढे राज्यानेही भर घातली. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फूट. आता सिमेंट, गज, वाळू आणि गवंड्याची मजुरी आजच्या भावाने मांडून बघा. स्लॅबचं घर एवढ्यात पुरं होणं अवघडच. उरलेलं गटाच्या कर्जातून, शेळ्या विकून, नाहीतर कानातलं मोडून येतं. म्हणजे काळजी वाटते ती आपण भित्र्या म्हणून नाही, आपल्याला बेरीज येते म्हणून.

सगळ्यात अवघड दिवस जुनं घर पाडण्याचा. हे आधी कोणी सांगत नाही. गळक्या कौलांना आपण दर पावसाळ्यात नावं ठेवलेली असतात, पण भिंतीत कुदळ बसली की रडू येतं. त्याच भिंती आपण वर्षानुवर्षं लिंपल्या, तिथल्याच कोनाड्यात रोज दिवा लावला. सासूबाई तर दोन दिवस बोलत नाहीत. आम्हाला वाटतं, त्यांना समजवायला जाऊ नये. जुन्या चौकटीचं लाकूड, जातं, पाटा नव्या घरात कुठे ठेवायचा, ते त्यांनाच विचारावं.

मग सुरू होतो पत्र्याच्या शेडमधला संसार. पैसे एकदम येत नाहीत, कामाच्या टप्प्याप्रमाणे येतात: मंजुरीनंतर थोडे, जोतं झालं की पुढचे, मग भिंती-छताचे, काम पुरं झालं की शेवटचे. प्रत्येक टप्प्याला पाहणी होते, मोबाईलवर फोटो काढला जातो, आणि तो वर चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मधल्या दिवसांत गवंडी दुसऱ्या कामावर जातो, वाळूवाला दारात उभा राहतो, वरून पाऊस. घरात खटके उडतात. राग असतो थांबलेल्या कामाचा, निघतो एकमेकांवर.

आमच्या गटात यावर वही चालते. एका पानावर आलेले पैसे, समोरच्या पानावर दिलेले, गवंड्याची उचलसुद्धा. न आलेल्या हप्त्याच्या भरवशावर माल उधार आणायचा नाही. जोतं झालं की त्याच दिवशी ग्रामपंचायतीत सांगायचं, कोणी फोटो काढायला येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. (आणि फोटोत आपणही उभं राहायचं, नुसतं जोतं नको!) वही असली की रात्री डोक्यात आकडे जरा कमी फिरतात.

चौकट बसते तो दिवस मात्र सणाचा. स्लॅब पडला की दोन आठवडे पाणी मारायचं काम आपल्याच वाट्याला येतं, पण खरं सांगू, ते करताना बरं वाटतं.

वास्तुशांत झाली, पाहुणे गेले, की काही जणींना अगदी रितं वाटतं. घर परकं वाटतं, आवाज घुमतो. हेही होतं, आणि हळूहळू जातं. महिना उलटला तरी झोप नाही, जेवण नको, कशात मन नाही, असं असेल तर आशाताईंशी बोला. टेली-मानसच्या 14416 या नंबरावर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

राहिलं नावाचं. योजनेच्या नियमाने घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे देता येतं. पण मंजुरीचं पत्र वेगळं आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 वेगळा. त्यावर बऱ्याचदा एकट्या नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचंच नाव राहतं. घराची नोंद दोघांच्या नावे करावी, असं राज्य सरकारने ग्रामपंचायतींना 2003 सालीच कळवलं आहे. नमुना 8 हा मुळात घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरता पुरावा नव्हे. म्हणून गावात ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल, तर तीही बघावी.

हा विषय घरात काढणं जड जातं. 'विश्वास नाही का?' असं लगेच येतं. पण नवरा गेल्यावर स्वतः बांधलेल्या घरातून बाहेर काढलेली बाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहे. तेव्हा एकटीने नको, गटातल्या पाच-सहाजणींनी मिळून अर्ज द्यावेत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, आणि नवा उतारा मिळाला की त्यावर आपलं नाव लागलं का, ते स्वतः वाचून बघावं.