चमचाभर औषध म्हणजे नेमके किती?

मायबहिणींनो, लेकरू तापाने फणफणले की शेजारची बाटली आणून चमचाभर औषध पाजले जाते. परंतु औषधाची मात्रा चमच्यावरून नव्हे, मुलाच्या वजनावरून ठरते.

तापाचे पॅरासिटामॉल घ्या. दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. ज्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, ते ६ मिलिलिटर द्यावे लागेल. २५० असेल तर फक्त ३. तान्ह्या मुलांचे थेंब सौम्य समजू नका. त्यांच्या अवघ्या १ मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असते. ते ५ मिलिलिटर पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते, तिपटीहून जास्त! अशी जादा मात्रा वारंवार गेली तर यकृत निकामी होऊ शकते.

म्हणून मुलाचे वजन करा, बाटलीवरचा आकडा वाचा, सोबतच्या मापानेच मोजा. दोन मात्रांत किमान ४ तास जाऊ द्या; दिवसरात्रीत ४ पेक्षा अधिक मात्रा नकोत. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर थेट दवाखाना गाठा. अक्षर लागत नसेल तर औषधवाल्याला विचारा. विचारण्यात लाज कसली?