मज्जारज्जूची इजा आणि गर्भारपण : मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी

धाब्यावरून पडल्याने किंवा रस्त्यावरील अपघातात पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झालेली स्त्री आई होऊ शकेल का, हा प्रश्न कुटुंबीय बहुधा दबक्या आवाजात विचारतात. होऊ शकते. या इजेने गर्भधारणेची क्षमता सहसा नष्ट होत नाही. मोठा धोका असतो तो मूत्राशयात.

मेंदू व मूत्राशय यांच्यातील संदेशवहन तुटल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. गर्भारपणात मूत्रवाहिन्या सैल पडतात, गर्भाशयाचाही दाब येतो; त्यामुळे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत सहज पोहोचतो. मग मातेच्या जिवाला धोका आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची भीती.

इतर गर्भवतीस होणारी जळजळ या भगिनीस बहुधा जाणवतच नाही. म्हणून तक्रारीची वाट पाहू नये. गढूळ, उग्र वासाची लघवी, मध्येच होणारी गळती, पाय अधिक आखडणे, थंडी-ताप हीच तिची तक्रार समजावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने लघवीची तपासणी व कल्चर नियमित करावे. एरवी अशा रुग्णांना त्रास न देणाऱ्या जंतूंसाठी औषध देत नाहीत. गर्भारपणात मात्र द्यावे लागते. दुकानातून परस्पर आणलेले औषध बाळास अपायकारक ठरू शकते.

१९७२ मध्ये अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी ठरावीक वेळाने स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली. दिवसातून चार ते सहा वेळा, साबणाने हात धुऊन, हे करता येते. कायम ठेवलेल्या नळीपेक्षा हे बरे. पोट वाढल्यावर मात्र स्वतःचा हात पोहोचत नाही. तेव्हा सासूबाईंनी वा पतीने आधीच शिकून घेतलेले असावे. यात संकोच कसला?

जळगाव-धुळ्याचा उन्हाळा सर्वपरिचित आहे. संडास अंगणापलीकडे, चाकाची खुर्ची तिथवर जात नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही सवय घातक आहे. देणगीतून घरालगत एक रुंद दाराचा संडास बांधून दिला, तर तोही औषधोपचारच होय.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वा त्यावरच्या पातळीवर असेल, तर भरलेल्या मूत्राशयामुळेही रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, घाम येतो. तिला ताबडतोब बसते करावे, मूत्राशय रिकामे करावे, नळी असल्यास ती तुंबली आहे का ते पाहावे व रुग्णालय गाठावे.

शासकीय आरोग्य संस्थांत २०१६ पासून दरमहा ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी होते. जाताना इजेच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड अवश्य सोबत न्यावे.