बाळाची लस आईच्या दंडात

इंग्लंडमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याचे ९,३०० हून अधिक रुग्ण सापडले आणि १४ बाळं दगावली. सगळी तीन महिन्यांच्या आतली. २०२४ मध्ये रुग्ण १४,८०० च्या वर गेले आणि ११ बाळं दगावली. २०१२ चंच प्रमाण राहिलं असतं, तर हा आकडा २२ च्या घरात गेला असता. तपासणीच्या पद्धती बदलतात, तेव्हा हिशेब ढोबळच. पण दिशा दिसते.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. ऑक्टोबर २०१२ पासून तिथे गरोदरपणातच डांग्या खोकल्याची लस द्यायला सुरुवात झाली. बाळाचा स्वतःचा पहिला डोस इंग्लंडमध्ये आठव्या आठवड्यात असतो, आपल्याकडे सहाव्या. तिसरा डोस तिथे सोळाव्या, इथे चौदाव्या आठवड्यात. तोवर बाळ जवळपास उघडंच. शिवाय इतकी लहान बाळं कधीकधी खोकतही नाहीत, थेट श्वास थांबतो.

हा आजार त्यांना देतं कोण? अमेरिकेत २००६ ते २०१३ मधल्या ज्या बाळांच्या संसर्गाचा माग लागला, त्यांत सुमारे ३५ टक्के वेळा भावंडं, २१ टक्के वेळा आई आणि १० टक्के वेळा बाप निघाला. मग घरातल्या सगळ्यांनाच टोचावं, हे ओघानेच आलं. अमेरिकेने आधी तोच मार्ग धरला. पण मामा-मावशीपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना वेळेत गाठणं अवघड. त्यात आताच्या लशीचा असर काही वर्षांतच ओसरतो. बबून माकडांवरच्या प्रयोगात तर लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू बाळगून दुसऱ्यांना देत राहिली. म्हणजे आजोबांनी लस घेतली तर चांगलंच, पण बाळाची भिस्त तिच्यावर ठेवता येत नाही.

आईचं गणित निराळं. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात, म्हणून जन्मतानाच बाळाकडे थोडी शिदोरी असते. इंग्लंडच्या पहिल्या पाहणीत तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये या लशीची परिणामकारकता ९१ टक्के आढळली. प्रतिपिंडं लवकर घटतात, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात लस नव्याने घ्यावी लागते. तिथे लस घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचं प्रमाण एकदा ७० टक्क्यांच्या वर गेलं होतं. २०२४ च्या साथीच्या तोंडावर ते ६० च्या खाली आलं होतं. साथ काही एवढ्यानेच आली नाही. दर तीन-पाच वर्षांनी हा खोकला उसळतोच, आणि कोविडच्या काळात तो दबून राहिला होता. पण दगावलेल्या बाळांचा विचार करताना हा ६० चा आकडा बाजूला सारता येत नाही.

आपल्याकडे गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं, ज्याला अजून सगळे ‘टीटी’च म्हणतात, ते आता टीडी आहे: धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकल्याचा घटक त्यात नाही. तो असलेली टीडॅप ही लस स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी गरोदरपणाच्या २७ ते ३६ व्या आठवड्यांत घ्यायला सांगते, पण ती बहुतेकींना खासगीत, स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते.