डाळ आणि आतड्याचे अस्तर

सुरतेच्या बाजारात तूरडाळीचा भाव चढला की घरोघरी वरण पातळ होते, हे आम्ही धान्याच्या गादीवरून वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. या काटकसरीची झळ आतड्यासही लागू शकते.

लहान आतड्यास आतून मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस त्यांतूनच रक्तात जातो. या अस्तराच्या बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात. त्या घडावयास प्रथिने लागतात. त्यांतील ग्लुटामिन हे द्रव्य तर आतडे स्वतःच इंधन म्हणून जाळते. प्रथिनांची तूट दीर्घकाळ राहिल्यास अंकुर खुजे होतात व खाल्लेलेही अंगी लागत नाही.

१०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तांदळात जेमतेम ७-८. तांदळातील लायसिनची उणीव डाळ भरून काढते. आमच्या मते खिचडीची खरी थोरवी हीच. वृद्धांना डाळ जड म्हणून नुसत्या पेजेवर ठेवणे आम्हांस मान्य नाही. मूगडाळ मऊ शिजवून द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.