अंबाडी केव्हां कापावी?

शहरांतील गृहिणीला अंबाडी ठाऊक असते ती भाजीच्या टोपलींतील एक आंबट जुडी म्हणून. ज्वारीच्या कण्या घालून शिजविलेली आणि वरून लसणीची फोडणी दिलेली ही भाजी ज्या घरीं कधींच होत नाहीं, असें घर वऱ्हाडांत विरळाच. परंतु याच झाडाच्या सालींतून पिढ्यान् पिढ्या बैलाचा कासरा निघाला, गाईचें दावें निघालें आणि बाजेची सुतळी निघाली, ही गोष्ट जुडीचा भाव करतांना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गंमत अशी, कीं भाजी हवी असणाऱ्याला जें झाड तयार वाटतें, तें दोर हवा असणाऱ्याला अगदीं कोंवळें असतें. आणि दोरवाल्याला जें तयार वाटतें, तें बियाणें राखणाऱ्याच्या दृष्टीनें अजून अपुरें असतें. ज्वारीचें कणीस भरलें कीं ज्वारी तयार झाली. अंबाडीबाबत मात्र प्रथम विचारावें लागतें, तयार कशासाठीं?

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानें दोन भाग पाडले आहेत. उत्तरेस मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव या बाजूचें पूर्णेचें खोरें आणि तेथील खोल काळी जमीन. दक्षिणेस चिखली, मेहकर, लोणार या बाजूचा घाटावरचा उंच, काहीसा हलका मुलूख. दोन्हींकडे अंबाडीचें स्थान एकच, कपाशीच्या किंवा ज्वारीच्या शेतांत मधली एखादी ओळ, नाहींतर बांधाच्या कडेची पट्टी. तिच्यासाठीं वेगळें शेत कोणी क्वचितच राखी. घरच्या दोरापुरती अंबाडी घरच्याच शेतांत व्हावी, येवढीच अपेक्षा असे. त्यामुळें कापणीचा दिवस चुकला तर नुकसान बाजारांत दिसत नसे. तें वर्षभर गोठ्यांत दिसे, तुटलेल्या दाव्याच्या रूपानें.

या झाडाचें शास्त्रीय नांव हिबिस्कस कॅनाबिनस. हें नांव लिनिअसचें. कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखें. खालचीं पानें साधीं, अखंड असतात. परंतु वरचीं पानें पंजासारखीं फाटलेलीं असतात आणि दुरून पाहणाऱ्याला भांगेची आठवण करून देतात. नातें मात्र येवढेंच. अंबाडी ही जास्वंद, भेंडी आणि कपाशी यांच्या कुळांतली; भांगेचें कूळ निराळें. फुलें आलीं कीं संशय उरतच नाहीं, कारण अंबाडीचें फूल मोठें, फिकट पिवळें आणि मध्यभागीं गर्द तांबडें असतें, तर भांगेचें फूल डोळ्यांत भरण्याजोगें नसतेंच. भांगेंत नर आणि मादी अशीं निराळीं झाडें असतात. ज्या युरोपीय देशांत ती केवळ तागासाठीं पेरीत, तेथें जुने शेतकरी नर झाडें आधीं उपटीत, कारण त्यांचा तंतु लवकर तयार होई आणि अधिक मऊ निघे. मादी झाडें बियांसाठीं कांहीं आठवडे उभीं राहत. एकाच शेतांत दोन कापण्या! भारतांत आज परवान्याशिवाय भांगेच्या जातीचें झाड लावणें 1985 च्या कायद्यानें गुन्हा आहे. अंबाडीला असा कांहीं जाच नाहीं. पण तंतु आणि बी यांचें जें भांडण भांगेंत दोन झाडांत विभागलेलें आहे, तें अंबाडींत एकाच झाडाच्या अंगांत चालतें.

भाजीचा काळ ओळखणें सर्वांत सोपें. शेंडा बोटानें मोडला असतां कट्‌कन मोडावा, साल लोंबकळत राहूं नये. साल लोंबूं लागली म्हणजे झाडानें तंतु धरावयास आरंभ केला. तेथून पुढें पान चवीला लागतें, परंतु देंठ दांतांत अडकतो. श्रावण सरतां सरतां ही वेळ बहुधा टळून जाते.

तंतूची वेळ ओळखण्यास मात्र फुलाकडे पाहावें लागतें, आणि तेंही सकाळीं. कारण हें फूल पहाटेस उमलतें, दुपारपासून मिटूं लागतें आणि पुन्हां उघडत नाहीं. दुपारीं शेतांत गेलेल्यास अंबाडी फुलली आहे कीं नाहीं, हें नीट कळावयाचें नाहीं. पेरणी मृगांत झाली काय किंवा पाऊस लांबल्यामुळें पंधरा दिवस उशिरां झाली काय, फुलें जवळजवळ एकाच सुमारास येतात. असें कां व्हावें? याचें उत्तर दिवसाच्या लांबींत आहे. 1920 सालीं अमेरिकेंत गार्नर आणि ॲलर्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं तंबाखू आणि सोयाबीन यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं कित्येक वनस्पती दिवस ठराविक मर्यादेहून लहान झाल्याशिवाय फुलत नाहींत. अंबाडी या वर्गांतली, आणि भांगही. बुलढाण्याच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो; सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर येतो. हा उतार अंबाडीला कळतो. म्हणून उशिरां पेरलेली अंबाडी उशिरां फुलत नाहीं, ती ठेंगणीच फुलते, आणि तिच्या काडींत दोर कमी निघतो.

एखाददुसरें फूल दिसलें म्हणून विळा काढूं नये. निम्म्या झाडांवर फुलें आलीं, आणि खालच्या बाजूस कोंवळीं बोंडें नुकतीच धरूं लागलीं, तर ती वेळ साधावी. त्याआधीं कापली तर वाख पांढरा, मऊ, देखणा निघतो, परंतु वजनास कमी भरतो आणि ओढीला टिकत नाहीं. बोंडें पिकेपर्यंत थांबलें तर वाख वजनांत अधिक, परंतु राठ. साल काडीला घट्ट बसते आणि पाण्यांत लवकर सुटत नाहीं. झाड डोळ्यांना सर्वांत भरदार दिसतें तें याच उशिराच्या काळांत, आणि नवखा मनुष्य फसतो तो येथेंच.

आणखी एक पंचांग शेतकऱ्याला पाहावें लागतें, तें पाण्याचें. कापलेल्या काड्यांच्या पेंड्या दोन-तीन दिवस शेतांतच उभ्या ठेवतात. पानें गळून जमिनीला मिळतात. मग पेंड्या पाण्यांत घालावयाच्या. बुडखा जाड असल्यामुळें तो प्रथम एकटाच पाण्यांत उभा ठेवतात, मागाहून पेंड्या आडव्या करून वर दगड ठेवतात. पाण्यांतील सूक्ष्म जंतु सालींतला चिकट भाग विरघळवितात आणि तंतु मोकळे होतात. पाणी उबदार असेल तर हें काम दहा-बारा दिवसांत उरकतें. थंडी पडूं लागली कीं तीन आठवडेही लागतात. दहाव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहावी. साल बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एका ओढींत सरकली तर त्याच दिवशीं पेंड्या बाहेर काढाव्या. चार दिवसांचा आळस वाखाचें बळ खातो.

घाटावरच्या नाल्यांना दसऱ्याच्या सुमारास पाणी असतें. पुढें तें झपाट्यानें आटतें. फुलांचा काळ आणि पाण्याचा काळ जुळतो तो या थोड्या आठवड्यांतच. बियांच्या लोभानें जो थांबला, त्याच्या हातीं राठ काडी राहते आणि नाल्यांत डबकें. शिवाय कुजत्या अंबाडीनें पाण्याला दुर्गंधी सुटते, मासे मरतात, गुरें तें पाणी पीत नाहींत. म्हणून ती पाणवठ्याच्या खालच्या अंगाला, निराळ्या डोहांत घालावी, हा साधा विवेक. तो न पाळल्यामुळें भांडणें होणें स्वाभाविकच आहे.

शंभर किलो हिरव्या काड्यांतून वाख निघतो जेमतेम पांच-सहा किलो. उरलेल्या पांढऱ्या, हलक्या सणकाड्या चूल पेटविण्याच्या कामीं येतात. वाख वाळवून आढ्याला टांगून ठेवीत आणि उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारीं ढेऱ्यावर पिळीत. पोळ्याला बैलांच्या अंगावर जो नवा कासरा दिसे, तो अशा रीतीनें मागल्या वर्षींच्या फुलांचा असे. त्या दिवशीं शेतांतल्या अंबाडीला अजून कळीही आलेली नसते.

व्यापारांत या तंतूला बिमली म्हणत, आंध्रांतील बिमलीपट्टण बंदरावरून. 1947 च्या फाळणींत तागाच्या गिरण्या हुगळीकांठीं राहिल्या आणि तागाचीं बरींच शेतें पूर्व बंगालमध्यें गेलीं, तेव्हां भारतांत ताग कमी पडला आणि अंबाडीची लागवड त्याची उणीव भरण्यासाठीं वाढविण्यांत आली. पुढें नायलॉनचा दोर खेड्याच्या दुकानांतही मिळूं लागला. तो कुजत नाहीं, स्वस्त पडतो. बैलाच्या मानेला मात्र तो वाखाइतका मऊ लागत नाहीं.

राहिला प्रश्न बियांचा. बोंडें खालून वर पिकत जातात. तळाचीं बोंडें वाळलीं तरी शेंड्याला फूल असूं शकतें. सगळीं पिकण्याची वाट पाहणें व्यर्थ. तळाचीं बरीचशीं बोंडें तपकिरी झालीं आणि हालविल्यावर आंत बी वाजूं लागलें, कीं झाड कापून खळ्यावर वाळवावें. बोंडांवरची बारीक कुसें हाताला खाज आणतात, म्हणून सकाळीं दंव असतांनाच कापणें बरें. त्या बियांत सुमारें पांचवा हिस्सा तेल असतें. जाणता शेतकरी या दोन कामांची गल्लत करीत नाहीं: ओळींतली अंबाडी तो दसऱ्याच्या सुमारास वाखासाठीं कापतो, आणि बांधाच्या टोंकाचीं दहा-वीस जोमदार झाडें मार्गशीर्षापर्यंत बियाण्यासाठीं उभीं ठेवतो.