बळासाठी गेले, स्वस्थता मिळाली

मन शांत व्हावं म्हणून सकाळी उठून आसनं करायची, ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की पूर्वापार तसंच चालत आलं असावं असं वाटतं. पण विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलुखात जो तरुण भल्या पहाटे घाम गाळत होता, त्याला शांती नको होती. त्याला बळ हवं होतं. देश पारतंत्र्यात, प्लेगच्या आठवणी ताज्या, आणि गावोगावच्या तालमींत मारुतीसमोर जोर-बैठका काढणारी पोरं. मनाच्या स्वस्थतेची सोय वेगळीकडे होती: संध्याकाळच्या हरिपाठात, माळेवरच्या जपात, एकादशीच्या कीर्तनात. योग म्हटला की ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. तो वाचून हात जोडायचे. स्वतः करून पाहावं, असं फारसं कुणाच्या मनात येत नसे. शरीराची वाट एक, मनाची दुसरी. या दोन वाटा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कशा एकत्र आल्या ते पाहू लागलं, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शांती लोकांनी फार उशिरा मागितली. ती मिळत मात्र आधीपासून होती.

औंध संस्थानाचंच पाहा. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार राजे, पण त्यांचा ध्यास सूर्यनमस्काराचा. स्वतः रोज घालायचे, घरच्यांकडून घालून घ्यायचे, आणि संस्थानातल्या शाळांत मुलामुलींनाही घालायला लावायचे. प्रजा निरोगी आणि काटक व्हावी, एवढा त्यांचा साधा हेतू. साधन लागत नाही, जागा सतरंजीएवढी पुरते, पैसा तर मुळीच नको. या व्यायामावरचं त्यांचं पुस्तक लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलं आणि १९३८ साली ते लंडनहून इंग्रजीत निघालं. पण मला महत्त्वाची वाटते ती पंतांची एक अट. प्रत्येक नमस्काराला बीजमंत्राचा उच्चार हवा आणि हालचालीला श्वासाची जोड हवी. जोर काढताना मन कुठंही भटकलं तरी चालतं. इथं ते जागेवर राहावं लागतं. बळ कमावायला आलेल्या पोराला या अटीपायी थोडी स्वस्थता आपोआप मिळून जात होती.

पुढचा टप्पा लोणावळ्याचा, आणि इथं जरा रेंगाळावंच लागेल. जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद, हेही मूळचे व्यायामाचे माणूस. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात पडले. माळसरच्या परमहंस माधवदासजींकडून योग शिकल्यावर त्यांना प्रश्न पडला तो असा, की हे सगळं शरीरात नेमकं करतं काय? १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे क्षकिरण-प्रयोग केले. जुने योगी बस्ती ही आतडं धुण्याची क्रिया करताना कोणत्याही उपकरणाशिवाय पाणी आत ओढून घेतात, ही गोष्ट शिकलेल्या लोकांना भाकड वाटायची. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी चढतं, हे कुवलयानंदांनी मोजून दाखवलं. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं.

या माणसाबद्दल मला विशेष आदर आहे, आणि त्याचं कारण त्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टींपेक्षा त्यांनी सोडून दिलेल्या गोष्टींत आहे. प्राणायामानं शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. आजही ती कानावर पडते. योगाच्या बाजूनं बोलणाऱ्याला ती किती सोयीची! कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंचं मोजमाप केलं आणि प्राणायामाचं मोल प्राणवायूच्या साठ्यात नाही, असं मांडलं. त्यांचा भर मज्जासंस्थेवर होता. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, हे आज शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. उच्छ्वास लांबवला की हा मंदावण्याचा काळ वाढतो. मनाला शांत हो म्हणून सांगून ते ऐकत नाही. श्वासाच्या आडवाटेनं मात्र त्याच्यापर्यंत पोचता येतं.

तरीही तेव्हा लोणावळ्याला जाणारे बहुतेक लोक दमा, बद्धकोष्ठ, रक्तदाब यांच्यासाठी जात. गांधीजींनीही १९२७ साली प्रकृतीबाबतच कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. बळाची जागा आता आरोग्यानं घेतली होती.

माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. पुढं ती सांताक्रूझला स्थिरावली. त्यांनी योग संसारी माणसाच्या घरात आणला. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या पत्नी सीतादेवींनी केली. बायकांसाठी योगासनांचं पुस्तक त्यांनी १९३०च्या दशकात लिहिलं. आखाड्यात बाईला जागा नव्हती. दिवसभर वाकून, उकिडवं बसून काम करणाऱ्या तिच्या शरीराला व्यायामाची गरजच काय, असंच सगळे धरून चालले होते. घरच्या घरी, दार लावून, स्वतःसाठी थोडा वेळ काढायचा, ही मुभाच तिच्या दृष्टीनं पहिली स्वस्थता असली पाहिजे.

पुण्याला १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आलेले बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी कायम आजारी असायचे. म्हणूनच की काय, अडलेल्या शरीराची त्यांना विलक्षण समज होती. दोर, विटा, लोड, खुर्च्या, घड्या घातलेली ब्लँकेटं यांचा आधार देऊन त्यांनी आसन ताठरलेल्या पाठीपर्यंत आणि सुजलेल्या गुडघ्यापर्यंत आणलं. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था पत्नी रमामणी यांच्या नावानं उभी राहिली. नागपुरात जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळातून विनामूल्य वर्ग चालवले. विदर्भात कितीतरी घरांत आसनं पोचली ती त्यांच्यामुळं.

मग इगतपुरी. इथं मागणीच बदलली. म्यानमारमध्ये जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीनं हैराण होऊन रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले, तेव्हा गुरूंनी सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मन शुद्ध करायला या, दुखणं त्यातच जाईल. १९६९ साली त्यांच्याकडून शिकलेली ध्यानविद्या घेऊन गोयंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची मौन शिबिरं सुरू झाली. शुल्क नाही, दान पुढच्या साधकासाठी. केवळ मनासाठी म्हणून सामान्य कारकून, शिक्षिका, दुकानदार रजा काढून जाऊ लागले, ही महाराष्ट्रात नवीच गोष्ट होती.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी बागेत सुरू केलेला हास्यक्लब गावोगाव पसरला, २०१५ पासून २१ जून हा योग दिवस झाला, आणि २०२०च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आले.

मात्र आता शांती ही पहिलीच मागणी झाली आहे, आणि त्यातून एक अडचण उभी राहते. महिनाभर वर्गाला येऊन लोक विचारतात, मन अजून शांत का होत नाही? नमस्कार घालणाऱ्या औंधच्या मुलांना असा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. शिकवणाऱ्या जुन्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: मनाकडं बघू नका, पाठ ताठ आहे का ते बघा. मला ते उत्तर पटतं.

दुसरी खंत जागेची. डोंगरावरच्या महागड्या निवासी शिबिरांच्या जाहिराती रोज दिसतात, आणि मोहल्ल्यातल्या फुकट वर्गाला सतरंज्या टाकायला खोली मिळत नाही. पंतांनी शाळा निवडल्या होत्या त्या उगाच नाही. शाळांचे वर्ग आणि सभागृहं सकाळी सातपर्यंत बंदच असतात. त्यांच्या किल्ल्या आळीतल्या निवृत्त शिक्षकांच्या हाती द्यायला नगरपालिकांना फारसा खर्च येणार नाही.