किडनीतली चंद्रकोर

चंद्रकोर म्हटली की आपल्याला कपाळावरची टिकली आठवते, दागिन्यातली नाजूक कोर आठवते. किडनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला मात्र हा आकार दिसला, की तो छापील रिपोर्टची वाट न पाहता रुग्णाच्या डॉक्टरांना फोन लावतो. ही कोर दिसू लागलेली किडनी काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही निकामी होऊ शकते. आणि हे घडवून आणते ती बऱ्याचदा आपलीच प्रतिकारशक्ती.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात. एक गाळणी म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, पेल्यासारख्या आवरणात बसवलेला. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी पुन्हा रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. इतकं गाळायचं तर वाहिन्यांची भिंत पातळ हवी आणि आतला दाबही जास्त हवा. म्हणूनच सूक्ष्म रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात या गाळण्यांना मोठा फटका बसतो.

अशा आजारांतला एक महत्त्वाचा म्हणजे अँका व्हॅस्क्युलायटिस. आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्याच्यावर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या पेशींत त्या असतात. त्यांच्या पोटात जंतू मारायची जहाल द्रव्यं भरलेली असतात. त्यांपैकी दोन म्हणजे प्रोटिनेज-३ आणि मायलोपेरॉक्सिडेज. या आजारात शरीर नेमक्या याच द्रव्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्यांनाच ‘अँका’ म्हणतात. एखाद्या संसर्गामुळे न्यूट्रोफिल आधीच चेतलेले असले, की ही द्रव्यं त्यांच्या पृष्ठभागावर येतात. अँका तिथे चिकटतात आणि पेशी बेभान होते. रक्तवाहिनीच्या भिंतीला बिलगून ती सगळा दारूगोळा तिथेच ओतते. भिंत फाटते, रक्तातले घटक पेल्यात सांडतात आणि त्यांना आवर घालायला आवरणाच्या पेशी भराभर वाढतात, भक्षक पेशीही धावून येतात. गाळणीला कडेने दाबत जाणारी ही दाटी म्हणजेच ती चंद्रकोर.

हे कोडं उलगडायला बरीच वर्षं लागली. उपचार नव्हते तेव्हा या आजाराच्या गंभीर रुग्णांपैकी बहुतेक जण वर्षभरात दगावत. सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने १९७०च्या दशकात चित्र पालटलं. त्या कामात अमेरिकेतले अँथनी फाउची पुढे होते, कोविडच्या काळात जगाला ठाऊक झाले तेच. अँकाचा पहिला माग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना लागला. १९८५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्यांचा या आजाराशी असलेला संबंध दाखवला. तरीही एक प्रश्न उरलाच होता. बायोप्सीत अँटिबॉडीचे थर जवळजवळ दिसतच नाहीत. मग घाव घालतं कोण? २००२ मध्ये मायलोपेरॉक्सिडेजविरुद्धच्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्यावर त्यांच्या किडनीत चंद्रकोरी उमटल्या आणि अँटिबॉडीवरचा संशय पक्का झाला.

पुढे आणखी एक धागा हाती आला. बेभान न्यूट्रोफिल रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांना जागं करतात. त्यांतून सी-५-ए नावाचा तुकडा सुटतो आणि तो आणखी न्यूट्रोफिलना हाक मारतो. हे चक्र तोडणाऱ्या अ‍ॅव्हाकोपॅन या गोळीला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधीच रिटक्सिमॅब या औषधाने अँटिबॉडी बनवणाऱ्या वंशाच्या बी-पेशींना लक्ष्य केलं होतं. २०२० मध्ये ७०४ रुग्णांच्या एका चाचणीत दिसलं, की स्टेरॉइडचा डोस लवकर उतरवला तरी किडनी तितकीच वाचते आणि गंभीर संसर्ग कमी होतात. सगळी प्रतिकारशक्ती सरसकट झोपवण्याऐवजी बिघडलेला नेमका दुवा पकडायचा, अशी ही वाटचाल आहे.

पण औषध कितीही नेमकं असलं तरी ते वेळेवर पोहोचायला हवं. इथेच आपण कमी पडतो. या आजारात किडनी सहसा दुखत नाही. बारीक ताप, थकवा, सांधेदुखी, नाकातून खपल्या किंवा रक्त, खोकल्यातून रक्त, पायांवर लालसर पुरळ, कोऱ्या चहासारखी किंवा फेसाळ लघवी अशा खुणा विखुरलेल्या असतात. आपल्याकडे ताप, घटलेलं वजन आणि खोकल्यातलं रक्त पाहून आधी टीबीचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच वेळी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं, तर किडनीतली गडबड तिथेच उघडी पडू शकते. लघवीत रक्तपेशी आणि प्रथिनं दिसत असतील आणि क्रिएटिनिन चढत असेल, तर किडनीतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जायला हवं.

कारण चंद्रकोरीलाही वय असतं. पेशींनी भरलेली कोवळी कोर उपचारांनी विरू शकते. दिवस गेले, की तिच्यात तंतू भरतात, ती निबर होते आणि तिच्यामागची गाळणी कायमची मिटते. नवी गाळणी शरीर पुन्हा बनवत नाही. म्हणून कोर कोवळी आहे तोवर ती दिसायला हवी, आणि तिच्यापर्यंत नेणारा पहिला कागद बहुतेक वेळा लघवीच्या तपासणीचाच असतो.